गळ्यात माळ, हातात गळ

प्रेसमधून रिटायर झाल्यावर मोतीराम गायधनींनी दोन गोष्टी केल्या. तुळशीची माळ घातली आणि मासे धरायचा चांगला रॉड विकत घेतला. माळेमुळे मासे खायचे बंद झाले, पण धरायची लहानपणापासूनची हौस काही जाईना. शेवटी त्यांनी आपल्यापुरती वाट काढली. धरायचा आणि सोडून द्यायचा.

"गळ्यात माळ अन् हातात गळ," त्यांच्या पत्नी झुंबरबाई सुनेला म्हणायच्या. "पांडुरंगालाबी कोडं पडलं आसंल, या माणसाचं करायचं काय!"

झुंबरबाईंचं दुःख खरं तर वेगळं होतं. त्यांचं माहेर गोदाकाठचं, सायखेड्याचं, आणि माळ काही त्यांनी घातलेली नव्हती. नवरा दर रविवारी दारणा नदीवर जातो, चांगले कालवणाजोगे मासे धरतो आणि हात हलवत घरी येतो, हे त्यांना सोसेना.

एका रविवारी सकाळी त्या स्कूटरवर मागे जाऊन बसल्या. मांडीवर झाकणाची बादली.

"बादली कशाला?" मोतीरामांनी विचारलं.

"आसू द्या. कामाला येती."

नदीला पाणी बेताचं होतं. काठच्या बाभळीखाली झुंबरबाईंनी पटकूर अंथरलं. मोतीरामांनी पेंडीचा गोळा गळाला लावला. गळाचा उलटा काटा त्यांनी घरीच पकडीनं दाबून टाकला होता, म्हणजे काढताना माशाचं तोंड फाटत नाही. मग त्यांनी दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवले.

"हे काय, संध्या करताय?"

"कोरड्या हातानं धरलं की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. मग त्याला रोग लागतो."

"आमच्याकडं तो राखेनं घासून काढायचे," झुंबरबाई म्हणाल्या. "मंग तिखट-मीठ लावायचे."

तेवढ्यात रॉड वाकला. दोरी सरसर सुटायला लागली. मोतीराम कधी सैल सोडत, कधी ओढत मागेपुढे नाचले आणि अखेर जाळीत आला तो मोठा थोरला रोहू. झुंबरबाईंनी नकळत बादलीचं झाकण काढलं.

पण गळ आत घशाशी गेला होता. मोतीरामांनी मासा उथळ पाण्यातच आडवा धरला आणि चिमट्यानं हळूहळू गळ सोडवला. त्यात बराच वेळ गेला. पाण्यात सोडला तर मासा पोट वर करून तरंगायला लागला.

"झालं. गेला तो. द्या हिकडं."

गुडघाभर पाण्यात शिरून मोतीरामांनी मासा सरळ केला, तोंड धारेकडं वळवलं आणि पोटाखाली हात धरून वाकून उभे राहिले.

"चल रे राजा," ते पुटपुटत होते. "घे, घे श्वास. घाई नाही आपल्याला."

एवढ्या संसारात हा माणूस आपल्याशी इतक्या गोड आवाजात कधी बोलला होता, ते झुंबरबाई आठवू लागल्या. आठवेना.

"आई गं!" मोतीरामांची कंबर धरली. मासा मात्र त्यांनी सोडला नाही.

झुंबरबाईंनी चपला काढल्या, लुगड्याचा ओचा खोचला आणि पाण्यात उतरल्या. "सरका. मी धरते."

"हात ओले कर आधी."

"पाण्यातच उभी हाय ना मी! आता काय डुबकी मारू?"

मासा त्यांच्या ओंजळीत आला. चांगला भरलेला, जड. लसणाच्या फोडणीचा वास त्यांच्या नाकात आला. आणि मग बोटांपाशी कल्ले हलले. एकदा. थांबले. परत हलले.

"आरं, घे की," त्या म्हणाल्या. "घे, घे. भिऊ नको."

हातातलं अंग हळूहळू ताठ झालं. शेपटीचा असा फटकारा बसला की झुंबरबाईंच्या तोंडावर पाणी उडालं, आणि ओंजळ रिकामी.

"गेला! अहो, गेला तो! पळाला!" त्या लहान पोरीसारख्या हसल्या. मग त्यांची नजर काठावरच्या रिकाम्या बादलीकडं गेली. "अगं बाई. गेला की."

मोतीराम कंबर धरून चिखलात बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

घरी जाताना स्कूटरवरच वाटाघाटी झाल्या. झुंबरबाईंना स्वतःचा रॉड हवा होता. "तुमचा तुम्ही सोडा. मी धरलेला माझा."

"चालेल. पण लहान असला तर सोडायचा. आणि ठेवलेला काठावर तडफडत पडायला नको."

"तडफडवायला मला काय आवडतं व्हय? डोक्यात एक टोला, लगेच ओल्या फडक्यात."

पुढच्या रविवारी झुंबरबाईंच्या गळाला आधी वीतभर पिल्लू लागलं. हात भिजवून त्यांनीच ते सोडलं. "जा, मोठा होऊन ये." दुपारी मात्र मनाजोगता मासा आला. टोला मारला तेव्हा मोतीराम पाठ फिरवून बाभळीकडं बघत उभे होते.

संध्याकाळी घरभर कालवणाचा वास सुटला. मोतीराम पिठलं-भाकरीचं ताट घेऊन बाल्कनीत बसले होते. थोड्या वेळानं त्यांनी आत डोकावून विचारलं, "कसं झालंय?"

"लय भारी," झुंबरबाई बोटं चाटत म्हणाल्या.

"मीठ?"

"बरोबर हाय."

"मग ठीक," ते म्हणाले आणि त्यांनी समाधानानं भाकरीचा तुकडा मोडला.