न हललेलं घर

“अजून थोडं वाढ गं, यास्ना,” नोल्फामावशी ताट पुढे करत म्हणाली. “आजीच्या हातची चव उतरलीय तुझ्यात.”

मी तिच्या ताटात बटाट्याची वडी आणि डुकराच्या मांसाचा तुकडा घातला. आजीला जाऊन नऊ दिवस झाले होते. शेवटची जपमाळ संपली होती आणि प्रार्थनेला आलेल्यांना जेवू घालायचं होतं. वाडीतलं झाडून प्रत्येक घर आलं होतं. आत जागा नव्हती, म्हणून पुरुष ताटं घेऊन अंगणात उभे होते. अंगण म्हणजे कड्यापर्यंत उरलेली जमीन. खाली थेट समुद्र.

“माय होती वाडीची,” सेवेरोकाका दारातून म्हणाला. “तिच्यासाठी कोण नाही येणार?”

मी त्याच्याकडे बघितलं. तो हाडाला चिकटलेलं मांस सोडवण्यात गुंतला होता.

चिलीच्या दक्षिणेला, आमच्या चिलोए बेटावर घराची जागा बदलायची तर घर पाडत नाहीत. पाया सोडवतात, खाली ओंडके घालतात आणि अख्खं घर बैलजोड्या लावून ओढून नेतात. त्याआधी मालकाने दारोदार जाऊन, उंबऱ्याबाहेर उभं राहून मागणं घालायचं असतं. मागणं घातलं की तोंडावर कुणी नाही म्हणत नाही. आणि घातलं नाही तर आपणहून कुणी हातही लावत नाही. न मागता हात लावणं म्हणजे या घराला मागायला तोंड नाही, असं म्हटल्यासारखं.

साठ सालच्या भूकंपात समुद्र वाडीत शिरला, तेव्हा माझी आजी, उबेर्लिंदा नाउतो, पंचविशीची होती. उरलेली घरं वर चढवायची होती, पण मदतीला येणाऱ्यांना जेवू घालावं लागतं, आणि ज्यांची गुरं-धान्य वाहून गेली त्यांना मागायचीही शरम वाटत होती. त्यांच्या वतीने आजी गेली. पुढे तेच तिचं काम झालं. एखाद्या विधवेचे बटाटे काढायचे असोत की चर्चच्या छपराच्या फळ्या बदलायच्या असोत, आजी लोकांच्या उंबऱ्यावर हजर. सेवेरोकाकाच्या बापाचं घर तिच्याच शब्दावर वर गेलं. तो अजून त्याच घरात राहतो.

स्वतःसाठी ती एकदाच गेली, गेल्या फेब्रुवारीत.

त्याला कारण मी. भूगर्भशास्त्र शिकून परत आल्यावर मी कड्याच्या काठाने खुंट्या ठोकल्या होत्या. दर हिवाळ्यानंतर काही खुंट्या खाली गेलेल्या असायच्या. मी आजीला सांगितलं, घराला फार तर दोन-तीन हिवाळे आहेत. तिने चुलीत लाकूड सारलं. “मग टेकडीवरच्या शेतात नेऊ,” ती म्हणाली. “चल, काठी दे माझी.”

घरोघर मी तिच्याबरोबर होते. सगळे हो म्हणाले. नोल्फामावशीने तर तिचे दोन्ही गाल चुंबले. “उबेर्लिंदाबाई, तुम्ही सांगायचं आणि आम्ही नाही यायचं?”

ठरल्या दिवशी डुक्कर कापलं होतं, बटाटे किसून झाले होते, ओंडके अंथरले होते. बाबांनी खिडक्यांना आतून आडव्या फळ्या ठोकल्या होत्या. सकाळ टळली तेव्हा शेजारचे सेगुंदोआजोबा तेवढे आले. त्यांच्या जोडीतला एक बैल लंगडत होता, त्यांच्यासारखाच.

“बाकीचे खाडीपलीकडे गेलेत,” ते आजीची नजर चुकवत म्हणाले. “तिथे आज पर्यटकांसाठी घर ओढतायत. मंडप घातलाय. जोडीमागे पैसे देतायत म्हणे.” मग त्यांनी घराकडे पाहिलं. “एका जोडीने तुझं खुराडंसुद्धा हलायचं नाही, उबेर्लिंदा.”

“तुझे बैल तुझ्यावरच गेलेत,” आजी म्हणाली. “बस, जेव.”

संध्याकाळी तिने सगळं अन्न पातेल्यांत भरलं आणि मला उचलायला सांगितलं.

“कशाला त्यांना?” मी म्हणाले.

“त्यांच्या वाटणीचं शिजवलंय. काय करू मग, समुद्रात ओतू?”

आम्ही पुन्हा सगळ्या घरी गेलो. तिने एकालाही जाब विचारला नाही. नोल्फामावशी पातेलं घेताना म्हणाली, “अगं बाई, आजच होतं का ते?”

“आजच होतं,” आजी म्हणाली आणि वळली.

त्यानंतर ती कुणाच्याच उंबऱ्यावर गेली नाही. चर्चचे कारभारी घंटेच्या मनोऱ्याचं काम घेऊन आले, म्हणाले, तुम्ही शब्द टाका. “माझा शब्द संपला,” तिने सांगितलं. ऑगस्टच्या पावसात ती गेली. त्याच आठवड्यात अंगणाचा एक कोपरा खचला.

“ऐक ना,” नोल्फामावशीने रिकामं ताट माझ्या हातात दिलं. ती वाडीच्या मंडळाची अध्यक्ष आहे. “येत्या फेब्रुवारीत आपल्याकडेच उत्सव भरवतोय. घर ओढायचं तर जुनं घर हवं. हेच ओढू. तुझ्या आजीच्या नावाने. पालिका बैल देतेय.”

“टेकडीवर नेणार?”

“चढावर एवढी गर्दी कशी न्यायची गं? मैदानावर नेऊ, गाड्या लागतात तिथे. पुढचं पुढे बघू.” तिने आवाज खाली आणला. “तू फक्त एकदा दारोदार जाऊन मागणं घाल. रीत आहे ना आपली. त्याचंही चित्रीकरण करणारेत.”

“तू मागितलंस की सगळे येतील बघ,” सेवेरोकाका म्हणाला.

बाबा चुलीपाशी बसले होते. आजीनंतर घर त्यांचं होतं.

“आम्ही मागणार नाही,” ते म्हणाले.

“आर्तेमियो, वेड्यासारखं करू नकोस. घर समुद्रात जाईल.”

“नाही जाणार.”

“मग काय तू आणि ही पोरगी ओढणार?”

बाबांनी चुलीत लाकूड सारलं. लोक टोप्या घालून एकेक करत निघाले.

सोमवारी आम्ही घर उतरवायला घेतलं, छपरापासून. छपराच्या फळ्या, मग भिंती, मग जमिनीच्या फळ्या. निम्मी लाकडं हातात घेताच भुगा होत होती. जे चांगलं निघत होतं त्यातून टेकडीवर एक खोली उभी राहील, फार तर दीड. सामान खांद्यावरूनच न्यायचं होतं आणि वाट सगळ्यांच्या फाटकांवरून जात होती. पहिल्या दिवशी पडदे हलले. तिसऱ्या दिवशी लोक फाटकाशी येऊन उभे राहू लागले.

दार सगळ्यात जड होतं. बाबा पुढे, मी मागे. सेवेरोकाका अस्तन्या वर करून फाटकात उभा होता.

“जड दिसतंय, आर्तेमियो,” तो म्हणाला.

“आहे,” बाबा म्हणाले.

काकाने फाटकाची कडी काढली आणि हात तिच्यावरच ठेवला. तो बाबांच्या तोंडाकडे बघत होता. आम्ही दार रस्त्यावर टेकवलं, खांदे बदलले आणि चढ चढू लागलो.