चुंबक तरंगायच्या आधीचे सत्कार

जया राठोडनं पुण्यात पाच वर्षं घासून कार्बनी रेणूंचे स्फटिक वाढवले होते. तिळाएवढे, काळे, लाजरे. उणे दोनशे साठ अंशांखाली गेले की विजेला अडवणंच विसरायचे. पांढरकवड्याच्या ज्या कॉलेजात ती शिकली, त्यांनी 'सेंद्रिय पदार्थांतील अतिवाहकता' या सेमिनारला बोलावलं, तेव्हा तिनं मनात एकच धरलं. आपल्या वेळी फळ्यावर सूत्र आलं नि पुसलं गेलं. तिथल्या आताच्या पोरींना डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

एवढी थंडी इथं कोण आणणार? म्हणून कमी थंडीतही तेच करणारी सिरॅमिकची चकती तिनं सोबत घेतली. द्रव नायट्रोजन दिला बानं. तिचा बा शंकरसिंग गावोगावी कृत्रिम रेतनानं गाईम्हशी भरवत हिंडायचा. वळूचं बीज गोठवून ठेवायच्या टाकीतलाच तो नायट्रोजन.

"दोन लिटर घे," थर्माकोलच्या डब्यात ओतत बा म्हणाला. "जास्त नाई. मुकुटबनच्या म्हशी मले शिव्या देतीन." आणि फटफटीवर निघून गेला.

"सव्वादहाला तुमचंच," प्राचार्य म्हणाले होते. सव्वादहाला दीपप्रज्वलन झालं. मग संस्थेचे अध्यक्ष बबनरावांचा सत्कार, त्यांच्या पत्नी इंदुताईंचा सत्कार, मंडपवाल्याचा सत्कार. सूत्रसंचालक कपिल सर चारोळी सांगितल्याशिवाय कुणाचं नाव घेईनात. सगळे आटोपले, तर ज्यांनी सत्कार केले त्यांचे सत्कार राहिलेले. शालीवर शाल चढत होती, आणि जयाच्या पायाशी डबा झुळझुळ उकळत होता. नायट्रोजन चार बोटं होता, तीन झाला, दोन झाला.

तिनं प्राचार्यांना चिठ्ठी दिली: नायट्रोजन उडतोय.

"उडू द्या न मॅडम. दुसरा मागवू."

"कुठून मागवता, सर?"

"मंग ग्राफ दाखवा. साहेबाचं भाषण अर्ध्यात तोडू काय?"

बबनराव साहेब रंगात आले होते. "विजेले विरोध शून्य! वा! आमच्या संस्थेतही विरोध शून्यच हाय!" प्राध्यापकांनी पगार आठवून टाळ्या वाजवल्या.

डब्यात एक बोट उरलं. जया उठली. डबा छातीशी धरून मंचावरून उतरली, पाहुण्यांच्या रांगा ओलांडून थेट मागच्या पोरींत गेली आणि फरशीवर बसली.

"या गं. जवळ या. हात नका लावू."

चकतीवर नायट्रोजन ओतला. वेचल्या कापसासारखी वाफ फरशीवर पसरली. जयानं चिमट्यानं चुंबक वर ठेवलं, चिमटा काढला. चुंबक तिथंच राहिलं, हवेत, पाळण्यातल्या लेकरासारखं निवांत.

नलू नावाच्या पोरीनं खालून कागद सरकवून पाहिला. "खाली काईच नाई वं! मंग हे पडून काहून नाई राह्यलं?"

याच प्रश्नासाठी जया पुण्याहून आली होती. पण तोंड उघडेपर्यंत चकतीची थंडी उतरली आणि चुंबक डुलत डुलत खाली बसलं.

"अजून एकदा करा न, मॅडम!"

"संपलं."

"कायले संपलं?"

"ते बघ. तिकडं शालीत गुंडाळलंय."

पोरी फिदीफिदी हसल्या. मंचावरून बबनरावांना आता नुसत्या पाठीच दिसत होत्या. त्यांनी भाषण आवरलं. कपिल सरांनी माइक ओढला आणि अमूल्य मार्गदर्शनाबद्दल डॉ. जया मॅडमचे शतशः आभार मानले.

नलू चक्रावली. "मॅडम, तुमी बोल्ल्या कुठी?"

"आता बोलते. पेन दे."

जयानं निमंत्रणपत्रिका पालथी केली. कोऱ्या बाजूवर विजेच्या विरोधाची एक रेघ हळूहळू उतरत आली, आणि एका जागी सरळ तळाला गेली.

"हा माझा स्फटिक, थंड होत जाताना," ती म्हणाली. "इथं, या ठिकाणी, त्याला काय झालं असेल? सांग."