मंगळवारची मागची सीट

देवव्रतनं विलायती गाडी घ्यायचं ठरवलं, तेव्हा काशीतल्या दुर्गाघाटाच्या गल्लीत सगळ्यात आधी हसला तो यज्ञेश. हसायला कारणही होतं. जिथं समोरून सांड आला तर माणसाला कुणाच्या तरी ओट्यावर चढून वाट द्यावी लागते, तिथं राहून हा गाडी घेणार. ती उभी राहणार पार मैदागिनच्या पार्किंगमध्ये, म्हणजे मालक एकीकडं आणि ऐश्वर्य दुसरीकडं. यज्ञेश दिवसभर हसला आणि संध्याकाळी जेवताना त्याला भाजी खारट लागली. त्याची बायको नंदा म्हणाली, मीठ रोजच्याएवढंच आहे.

देवव्रत त्याचा चुलतभाऊ. यज्ञेशचे आईवडील तो लहान असतानाच गेले आणि त्याला वाढवलं कालिंदीकाकूनं, देवव्रतच्या आईनं. दोघं पोरं शेजारीशेजारी पाटांवर जेवून मोठी झाली. काकूनं कधी डावंउजवं केलं नाही. तूप सारखं, लाडू सारखा, धपाटेही सारखे. पण यज्ञेशची नजर आपली कायम दुसऱ्याच्या वाटीत. काकूनं देवव्रतच्या डोक्यावरून हात फिरवला की हा मनात टिपून ठेवायचा. तो तिचा मुलगा आणि आपण पुतण्या, हे त्याला कुणी कधी ऐकवलं नव्हतं. ऐकवलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

शाळेत यज्ञेश हुशार आणि देवव्रत काठावर पास. यज्ञेश रेल्वेत नोकरीला लागला, देवव्रत घरचं उपाध्येपण सांभाळत बसला. मग काशीत यात्रेकरूंचा पूर लोटला. देवव्रतनं एका घराचं गेस्ट हाउस केलं, मग दुसऱ्याचं, आणि देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात तसं झालं. राहतं घर अजून एकच होतं. वर यज्ञेश आणि नंदा, खाली देवव्रतचं बिऱ्हाड, आणि काकू दोघांचीही.

पण यज्ञेशकडं एक गोष्ट होती जी देवव्रतकडं नव्हती. मच्छोदरीला एका ओळखीच्याच्या आवारात त्याची जुनी, खोकत चालणारी छोटी गाडी उभी असायची. दर मंगळवारी तो कधी रजा टाकून, कधी उशिरा जाऊन, साहेबाची बोलणी खाऊन, काकूला तिच्यातून संकटमोचन मारुतीच्या दर्शनाला न्यायचा. ऐंशीच्या घरातली काकू काठी टेकत, ओट्याओट्यावर विसावत गाडीपाशी यायची. चपला काढून मागच्या सीटवर चढायची आणि ऐसपैस मांडी घालून बसायची. पाय खाली सोडून बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं. रिक्षात मांडी, दवाखान्याच्या खुर्चीवर मांडी. पाय लोंबले की तिला मुंग्या यायच्या, घोटे सुजायचे. मांडी बसली की काकूची जीभ सुटायची. ती यज्ञेशच्या आईबद्दल सांगायची, जे ती घरात कधी सांगत नसे. त्या गाडीत देवव्रत नसायचा. जाऊन येईपर्यंत काकू यज्ञेशची एकट्याची असायची.

आता देवव्रतची गाडी येणार म्हणजे काकू तिच्यातून जाणार आणि मंगळवार त्याच्या हातून जाणार, एवढा साधा हिशेब होता. यज्ञेशचा जीव जळत होता तो ह्या मंगळवारासाठी. थोडासा गाडीसाठीही जळत होता, खोटं कशाला बोला.

त्यात देवव्रत वर आला आणि त्याच्याच खाटेवर बसून म्हणाला, "तू चल बाबा. मला गाडीतलं काय समजतं? रंग तेवढा समजतो. तू म्हणशील ती फायनल."

"मी कशाला? शोरूमवाला सांगेल की."

"तो तर तिन्ही बढिया सांगतो. आईपण म्हणाली, यज्ञेशला विचार. गाडीत त्याचं कधी चुकत नाही."

ते खरं होतं. महाग गाड्यांची सगळी माहिती यज्ञेशला तोंडपाठ. कुठलं इंजिन, कुठला गिअर, शंभराचा वेग कोण किती सेकंदांत गाठतं, सगळं. घेण्याची ऐपत नसली की माणूस निदान पाठ तरी करतो. एवढा भरवसा कुणी टाकला तर बरं वाटायला हवं. यज्ञेशला अंगावर पाल पडल्यासारखं झालं. तरी तो म्हणाला, "चल."

तीन गाड्या बघायच्या होत्या. तिन्ही सेडान आणि तिन्ही बड्या घराण्यांतल्या धाकट्या लेकी, ज्यांना शोरूमवाले 'एंट्री-लेव्हल लक्झरी' म्हणतात. श्रीमंतीच्या उंबऱ्यावरून आत डोकावायची सोय. ठरलेल्या दिवशी बाबतपूर विमानतळाच्या रस्त्यावर तिन्ही रांगेत उभ्या राहिल्या, पांढरी, करडी आणि निळी. निघताना देवव्रत म्हणाला होता, आईलाही नेऊ या, बसून बघेल. यज्ञेश चटकन म्हणाला, "तिला कशाला उन्हात? मी आहे ना." नंदानं दारातून त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि ती आत गेली.

पांढरी चालवली. संथ, समजूतदार गाडी. खड्डा आला की आधी स्वतः गिळायची, मग आतल्याला कळायचं. मागची सीट सपाट आणि रुंद, छत उंच. किमतीला सगळ्यांत वाजवी आणि दुरुस्तीचा खर्चही बेताचा. चालवून झाल्यावर यज्ञेश मागं बसून बघत होता. नकळत त्याचा हात सीटवरून फिरला आणि त्याला तिथं काकू दिसली, मांडी घातलेली, चपला खाली काढलेल्या, देवव्रतला काहीबाही सांगणारी. त्यानं हात काढून घेतला.

करडीत आतल्या शोभेवरच पैसा घातलेला. टीव्हीसारखे स्क्रीन, दिवे, काचेसारखी बटणं. नाकापेक्षा मोती जड, असं यज्ञेश म्हणाला आणि ती बाद झाली.

मग निळी. तिच्या अॅक्सिलरेटरवर पाय ठेवताच यज्ञेश हरखला. वेग असा की पाठ सीटला चिकटली. वळणावर ती रस्ता सोडत नव्हती. स्टिअरिंग मनातलं ओळखत होतं. ही गाडी त्याला स्वतःला हवी होती, गेली कित्येक वर्षं हवी होती. आणि तिची मागची सीट दोन खोलगट भागांची होती, कडा दोन्ही बाजूंनी वर आलेल्या, मधे उंचवटा, छत मागं उतरत गेलेलं. खड्डा लागला की कंबरेत कळायचा. बसायला ती दोन तरुण माणसांना झकास होती. मांडी घालायला तिच्यात जागा नव्हती.

"पंडितजी, ये तो उड़ती है," शोरूमचा माणूस म्हणाला.

देवव्रतनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. त्यानं यज्ञेशला बाजूला घेतलं. "आईला मागे जमेल ना? तूच तर तिला नेतोस. तुला ठाऊक."

यज्ञेशला एकच वाक्य बोलायचं होतं. ती मांडी घालते, पांढरी घे. दिवसाचे चोवीस तास आईच्या जवळ राहून मुलाच्या हे ध्यानात आलं नव्हतं, कारण घरात सगळेच जमिनीवर बसतात. गाडीतलं काकूचं बसणं दोघा भावांत एकट्या यज्ञेशला माहीत होतं. ती त्याची मिळकत होती, आणि ती देवव्रतला फुकट द्यायला त्याची जीभ उचलेना.

"मागची सीट खोल आहे," तो म्हणाला. "माणसाला धरून ठेवते."

ह्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. इंजिनबद्दल, ब्रेकबद्दल, पुढं विकताना येणाऱ्या किमतीबद्दल तो जे बोलला तेही सगळं खरं होतं. देवव्रतनं निळी घेतली.

घरी आल्यावर नंदानं विचारलं, "काकूंच्या मांडीचं सांगितलंत का भावजींना?"

"त्याला दोन डोळे आहेत," यज्ञेश म्हणाला. नंदा भाजी निवडायला बसली, आणि त्याचाही त्याला राग आला.

गाडीची पूजा मैदागिनला झाली. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर स्वस्तिक, दोन्ही भाऊ सोवळ्यात. गाडी गल्लीत दाखवायला आणता येत नव्हती, म्हणून देवव्रतनं किल्ली जानव्याला बांधली आणि उघड्या अंगानं घाटावर हिंडून आला. काळीभोर, जाडजूड किल्ली पोटावर हेलकावे खात होती आणि जो तो विचारत होता. यज्ञेशच्या जानव्यालाही त्याच्या गाडीची किल्ली होती, पत्र्याची, घासून गुळगुळीत झालेली. तिच्याबद्दल आजवर कुणी विचारलं नव्हतं.

पहिली फेरी विंध्याचलची ठरली, देवीच्या दर्शनाला. ड्रायव्हर ठेवला होता. यज्ञेश पुढं, देवव्रत आणि काकू मागं. आत शिरताना काकूला चांगलंच वाकावं लागलं. पुढच्या काचेवरची उन्हाची झडप खाली ओढली की तिच्यात आरसा आणि आरशाला दिवा, ही सोय यज्ञेशला ठाऊक होती. त्यानं ती ओढली आणि बघत राहिला. काकूनं चपला काढल्या. उजवा पाय वर घेतला, तो कडेला अडला. डावा घेतला, गुडघा दाराला टेकला आणि ती कलंडली. तिनं पुन्हा करून पाहिलं. मग दोन्ही पाय हळूच खाली सोडले आणि पदर सारखा केला.

"आई, ठीक आहेस ना?" देवव्रत म्हणाला.

"छान आहे हो गाडी," काकू म्हणाली. मिर्झापूर येईपर्यंत ती काही बोलली नाही, आणि नंतरही नाही.

यज्ञेशला आनंद झाला. ऐकायला वाईट आहे, पण झाला. परतल्यावर काकूचे घोटे सुजून पुरीसारखे झाले होते, आणि आता ती बोलणार, ह्या आशेनं तो सकाळीच खाली गेला. ती म्हणेल, अरे यज्ञेश, मला तुझी गाडीच बरी. तेवढं एक वाक्य त्याला देवव्रतच्या देखत ऐकायचं होतं. काकूनं त्याला चहा दिला आणि देवीला गर्दी किती होती तेवढंच बोलली.

मंगळवार आला. यज्ञेशनं मच्छोदरीला जाऊन गाडी पुसली, मागच्या सीटवर धुतलेली चादर घातली. घरी परत आला तर काकू निळ्या गाडीतून गेलेली. पुढच्या मंगळवारी तेच, त्याच्या पुढच्याही. साहेबानं एकदा विचारलं, हल्ली मंगळवारी वेळेवर कसे? यज्ञेश त्याच्यावर खेकसला.

शेवटी एके दिवशी देवव्रतच वर आला. "यज्ञेश, आई रोज पायाला तेल चोळते. काही म्हटलं तर म्हणते, उमर झाली. गाडीत काही गडबड आहे का? बदलून टाकू? ती सफेदवाली घेऊ?"

यज्ञेशला एकदम हलकं वाटलं. आता सांगून टाकावं. पांढरी येईल, काकू मांडी घालेल, मंगळवार गेला तर गेला. त्याला दुसरंही सुचलं. आपणच काकूला विचारावं, चल माझ्या गाडीतून. मग देवव्रतला गाडी बदलावी लागणार नाही आणि आपलंही काही उघडं पडणार नाही. असा सोयीचा रस्ता माणसाला नेहमीच आधी दिसतो. "थांब, मी बोलतो तिच्याशी," असं म्हणून तो खाली उतरला.

दुपारच्या जेवणाची वेळ होती. स्वयंपाकघरात पाट भिंतीला उभा करून ठेवलेला, आणि काकू एका स्टुलावर बसली होती. पाय खाली लोंबत होते, लाल आणि सुजलेले. मांडीवर धरलेलं ताट कलतं झालं होतं आणि आमटी पदरावर सांडली होती. जिनं ह्या घरात जन्मभर पाटावर मांडी घातल्याशिवाय घास तोंडात घातला नाही, ती बाई.

"हे काय, काकू?"

"सवय करतेय रे," ती म्हणाली. "रोज जेवताना असं बसते. त्या गाडीत माझे पाय राहत नाहीत धड."

"मग देवव्रतला सांगायचंस. तो बदलून आणेल."

"बदलायची कशाला? तू निवडलीस ना. गाडीतलं तुझं कधी चुकत नाही. माझंच बसणं चुकत असेल." ती ताट सावरत पुढं म्हणाली, "आणि गाडीला नाव ठेवलं तर ते तुलाच ठेवल्यासारखं होतं. देवव्रतच्या समोर मी तसं होऊ देईन का?"

यज्ञेश तिथंच जमिनीवर बसला. तिचे पाय त्याच्या डोळ्यांसमोर आले. ती त्याचीही आई होती. त्याला तिच्याकडून जे हवं होतं ते त्याच्याजवळ आधीपासून होतं, कदाचित देवव्रतपेक्षा जास्तच. त्यानं खरं सांगायला तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते एवढंच, "काकू, ह्या मंगळवारी माझ्या गाडीतून चल. मांडी घालून बस. मी चादर धुऊन ठेवलीय."

काकूनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. हाताला आमटीचा वास होता.

"नको रे बाळा," ती म्हणाली. "एवढी सवय केलीय, ती मोडेल."