सिस्टरांनी सांगितलेली केस

“पेशंट बाई आहे, वय एक्केचाळीस. दोन वर्षं झाली, स्वतःलाच इजा करून घेते. झोप नाही, भूक कमी. मरायचा विचार नाही म्हणते.”

खुर्ची समोर असूनही सिस्टर उभ्या राहून सांगत होत्या. वीस वर्षं ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती त्यांनी अशीच घडाघडा दिली होती, जिभेला दुसरी रीतच ठाऊक नव्हती. मनोविकाराच्या डॉक्टर वयानं लहान, भाचीएवढ्या. त्यांनी पेन उचललं आणि विचारलं, पेशंट कुठल्या वॉर्डात आहे?

आता आली का पंचाईत! सिस्टरांनी जन्मभर लोकांच्या जखमा इतक्या नीट बांधल्या, की स्वतःच्या बांधतानाही हात चुकला नाही. म्हणूनच कुणाला पत्ता लागला नाही. आई गेली, घर खायला उठलं, आणि त्यांना ही एकच सुटका वाटू लागली. परवा धाकट्या बहिणीनं पाहिलं. ती ओरडली नाही, नुसती रडली. आत्ता ती बाहेर बाकावर दाराकडे डोळे लावून बसली होती. एखाद्या वॉर्डाचा नंबर ठोकून दिला असता, तर गोळ्या विचारून सटकता आलं असतं.

सिस्टरांनी एकदा दाराकडे पाहिलं.

“वॉर्डात नाहीये ती,” त्या म्हणाल्या. “मीच आहे.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “ताई, आधी बसा.”

बसल्या आणि बांध फुटला. पाऊण तास त्या बोलल्या, अडखळत, मागचं पुढे, पुढचं मागे. एखाद्या शिकाऊ पोरीनं अशी केस सांगितली असती, तर त्यांनीच तिला झापलं असतं. डॉक्टर रागावल्या नाहीत. पुन्हा इजा करून घ्यावीशी वाटली, की कुणाला फोन करायचा, ते दोघींनी मिळून ठरवलं. दर मंगळवारी सकाळी यायचं, असंही ठरलं.

पण मंगळवारी सकाळी वॉर्डात ड्यूटी होती. सिस्टर तशाच मेट्रनबाईंकडे गेल्या. मेट्रनबाई महाखाष्ट; सुट्टी मागायला गेलेली माणसं तिथून माफी मागून परतत. सिस्टरांनी अर्ज लिहिला आणि कारणापुढे सरळ लिहिलं, ‘स्वतःचे मानसिक उपचार’. खोडलं नाही.

मेट्रनबाईंनी अर्ज दोनदा वाचला. सही केली. मग ड्यूटीचा तक्ता पुढे ओढला आणि मंगळवारच्या सकाळी, सिस्टरांच्या जागी, स्वतःचं नाव लिहिलं.