गाडा सरकव, काशम्मा

"साहेब, तुमी या बाईला पुसून टाकताय, आन् वर तिलाच विचारताय, तू होतीस कुटं?"

हे वाक्य कोंडीबा घरनं घोकून आला होता. पण महापालिकेच्या ऑफिसातल्या बाकड्यावर तिसऱ्या खेपेला बूड टेकलं आणि ते बोलायची त्याला लाज वाटली. कारण पुसायचं निम्मं काम त्यानंच केलं होतं.

कोंडीबा तलावावरचा फोटोवाला. बावीस उन्हाळे गळ्यात कॅमेरा अडकवून काठावर उभा. उन्हं कलली की सोलापूरकर पोराबाळांसकट वारा खायला यायचे आणि सगळ्यांचा हट्ट एकच, "मामा, मागं समुद्र दिसला पायजे!" सोलापुरात समुद्र! पण कोंडीबा तो काढून द्यायचा. वरच्या पायरीवर चढून कॅमेरा असा खाली झुकवायचा, की पलीकडचा काठ चौकटीबाहेर आणि मागं नुसतं निळं पाणी. सांगोल्याची माणसं तो फोटो भिंतीला लावून 'कोकणात जाऊन आलो' म्हणून खुशाल सांगायची.

मधे यायचा तो फक्त काशम्माचा कैरीचा गाडा. समुद्रात गाडा कसा चालंल? कोंडीबा ओरडायचा, "गाडा सरकव, काशम्मा!"

"आग लागो तुज्या समुद्राला, फोटूवाल्या!" म्हणत ती सरकवायची. रोज. दिवसातनं वीसदा.

यंदा ऑफिसनं काठाला कुंपण घातलं आणि फर्मान काढलं : आत गाडा लावायचा तर दहा वर्षांपूर्वी इथंच धंदा करत असल्याचा फोटो जोडा. नसेल तर शुक्रवारी गाडा उचलू. काशम्मा हसली होती. "फोटूवाला माजा शेजारी हाय. मला कशाचं भ्या?"

"डोंगर हाय फोटोंचा माज्याकडं," कोंडीबानंही छाती ठोकली.

दोन दिवस पत्र्याखाली घामाच्या धारांत त्यानं जुने फोटो उपसले. हजारो समुद्र निघाले. गाडा एकाही फोटोत नाही. चाक नाही, छत्री नाही, काशम्माच्या पदराचं टोकसुद्धा नाही. काय पण सफाईचा कारागीर!

त्यानं सांगितलं तेव्हा ती शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "तूच सरकवलास की," एवढंच म्हणाली.

शिपायानं दोघांना आत सोडलं. साहेबानं मान वर केली नाही.

"फोटो?"

"न्हाय, पर..."

"मग ही बाई तिथं नव्हती. पुढचा पाठव रे."

सव्वीस वर्षं उन्हात करपलेली बाई, आणि हा पंख्याखालचा गडी एका शब्दात निकाल लावतो! कोंडीबानं पुढं होऊन टेबलावर हात टेकले, नजर काचेवर गेली, आणि तो बघतच राहिला. काचेखाली फोटो होता. जरा तरुण साहेब, बायको, फ्रॉकातली पोरगी. मागं निळं पाणी. कोपऱ्यात लाल आकडे : १४ मे २०१२.

"ह्यो फोटो कुटला, साहेब?"

"गणपतीपुळ्याचा. तुला काय करायचंय?"

"गणपतीपुळं?" कोंडीबा हसला, पण ते हसणं काही बरं नव्हतं. "ही पायरी बघा, कोपरा तुटलेली. आजबी तशीच हाय. ह्यो समुद्र मी काढलाय, साहेब. आपल्या तलावातनं."

साहेबाचा चेहरा उतरला. "बाजूला सरका, बाई," शिपाई काशम्माला म्हणाला.

"न्हाय सरकायची!" कोंडीबा एवढ्यानं ओरडला की बाहेरची रांग दारात आली. "लई सरकली ती. मीच सरकवली. काशम्मा, हितंच उभी ऱ्हा, टेबलापुढं."

ती पुढं आली. तिनं वाकून काचेत बघितलं. पोरीच्या मुठीत काडी होती, काडीला अख्खी कैरी, चाकूनं पाकळ्या पाडून कमळासारखी उमलवलेली, मधे लालभडक तिखटमीठ. अख्ख्या सोलापुरात कैरी अशी एकच बाई कापते. काशम्मानं गाड्यावरची तशीच कापलेली एक पदरात बांधून आणली होती, साहेबाला द्यायला. तिनं ती गाठ सोडली आणि कैरी फोटोशेजारी काचेवर ठेवली. पाकळीला पाकळी जुळत होती.

"फोटो मागत होता न्हवं?" कोंडीबानं काचेवर बोट आपटलं. "ह्यो घ्या, तुमच्याच टेबलावरचा. ती तितं नव्हती म्हणताय. मग बोला, साहेब, खाली बघू नका. तुमच्या लेकीच्या हातात ही कैरी दिली कुणी?"