दोन मुठी ढलप्या

दुकानात मांसाला धुरी द्यायला विजेचा स्मोकर घेतला तेव्हा मी दादाला म्हणालो होतो, आता तुझं काम संपलं, बटण दाबायचं आणि पाय पसरून बसायचं. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी मुकाट्याने गल्ल्यावर जाऊन बसलो.

त्याचंच बरोबर होतं. कपाटाएवढं ते यंत्र वर आकडा दाखवतं, पण तो असतो आतल्या हवेचा. मांसाच्या पोटात काय चाललंय ते कळायला वेगळी सळई खुपसावी लागते. खांद्याचा मोठा तुकडा असला की तो अर्ध्या वाटेत अडून बसतो, तासन्‌तास एक अंशही पुढे सरकत नाही. नवखा माणूस इथे घाबरतो, आच वाढवतो आणि सगळ्याची वाट लावतो. दादा म्हणायचा, "रुसलंय ते. रुसू दे. दार उघडायचं नाही."

लाकडाचं तर विचारूच नका. कॉइल तापली तरच खणातल्या ढलप्या धुमसतात. आत पुरेशी गरमी झाली की कॉइल बंद, मग धूरही बंद. म्हणून ढलप्या थोड्या थोड्या घालायच्या. जास्त झाल्या की धूर कोंडतो आणि मांस कडूजहर होतं, जीभ बधिर व्हावी इतकं. धुराचा पाइप आम्ही छपरावर काढलाय, त्यामुळे डोळ्यांना काही दिसत नाही. सगळा कारभार नाकाचा. आणि दादाचं नाक असं की पुढे दुकानात बसून तो सांगायचा, "मागे ढलप्या संपल्या बघ." जाऊन पाहावं तर संपलेल्या असायच्या.

मग त्याच्या घशात गाठ निघाली. किरणांचे उपचार झाले, गाठ गेली, आवाज तेवढा घोगरा राहिला. वास आणि चव मात्र दोन्ही गेलं. डॉक्टर म्हणाले, परत येईल, काहींना येतं, वेळ लागतो. त्यातला 'काहींना' हा शब्द आम्ही कुणीच कानात शिरू दिला नाही.

दादाने ही गोष्ट बाहेर कुणाला कळू दिली नाही. लेकीलासुद्धा नाही. आमची बबडी दुसऱ्या गावी असते, तेव्हा नुकतीच बाळंत झाली होती. "तिच्या जिवाला घोर नको," दादा म्हणाला. खरं कारण आम्हाला ठाऊक होतं. मांसाला धुरी देणाऱ्याचं नाकच गेलं म्हटल्यावर त्याच्याकडे उरलं काय?

तो कामावर परतला आणि पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. खणाशी नाक नेऊन तो हुंगायचा. वास यायचा नाही, की त्याला वाटायचं लाकडाने धूरच धरला नाही. मग आणखी एक मूठ. पुन्हा हुंगायचा, पुन्हा एक मूठ. समोरची शिंपीण बरगड्या परत घेऊन आली. "तोंडात डांबर धरल्यासारखं झालं हो," म्हणाली. नशीब, दादा तेव्हा मागे होता. मी तिची समजूत घातली, दुसरा माल दिला आणि ती गेल्यावर तिच्या नावाने बोटं मोडली. तिचं काहीच चुकलं नव्हतं. माझा राग त्या गाठीवर होता, त्या किरणांवर होता, पण ती काही गिऱ्हाईक होऊन दुकानात येत नाहीत.

वहिनीने हे ऐकलं होतं. उपचारांनंतर दादाला दम टिकत नसे, ढलप्या घालून तो जरा आडवा व्हायला जायचा. तो गेला की वहिनी चिमटा घेऊन खण ओढायची आणि निम्म्याहून जास्त ढलप्या काढून अंगणातल्या पाण्याच्या बादलीत टाकायची. मी एकदा नेमका तिथे गेलो.

"भाऊजी, हसू नका," ती म्हणाली.

मी कुठला हसतोय. मी बादली उचलून रिकामी करून आणली.

माल पहिल्यासारखा झाला. पहिल्याहून बरा, असं म्हणणारेही निघाले. दादाच्या अंगात हळूहळू जीव आला. "नाक नसलं तरी हात आहे माझा," असं म्हणता म्हणता तो म्हणायला लागला, "हाताला कळतंय, म्हणजे नाकही येतंय मागोमाग." आणि एका सकाळी तो मागच्या खोलीतून जवळजवळ धावतच आला.

"आला रे! वास आला! अगदी बारीक, गोडसर. सफरचंदाचं लाकूड!"

लाकूड सफरचंदाचंच होतं, त्यानेच घातलेलं. पण त्या दिवशी आत बदकं होती. बदकांना धूर कमी पुरतो, म्हणून वहिनीने खण पुरता रिकामा केला होता. ती दारात उभी होती, चिमटा पाठीमागे धरून. तिचा चेहरा पाहूनच मला कळलं.

"छान झालं," ती म्हणाली. मीही दादाच्या पाठीवर थाप मारली. दुसरं काय करणार होतो? त्यानंतर त्याला अधूनमधून वास येऊ लागला. तो आनंदाने सांगायचा आणि मला त्याच्याकडे बघवायचं नाही.

याच सुमारास बबडीने आणि जावयाने तिकडे छोटं दुकान काढलं. स्मोकर आमच्यासारखाच. दादाने इथून लाकूड पाठवलं आणि फोनवर माप सांगितलं. "कॉइल तापली की दोन मुठी. घाबरायचं नाही. इथे लोक बोटं चाटतात."

वहिनीने मागाहून लेकीला गुपचूप फोन लावला. "ढलप्या जरा कमीच घाल गं," म्हणाली. मागे बाळ रडत होतं. "आई, बाबांनी सगळं सांगितलंय," म्हणून बबडीने फोन ठेवून दिला.

दुकान उघडलं त्या दुपारी तिचा फोन आला. दादाने मोठ्या कौतुकाने स्पीकर लावला. बबडी हुंदके देत होती.

"बाबा, सगळं कडू झालंय. लोकांनी घास थुंकून टाकले. मी तुम्ही सांगितलं तेवढंच घातलं हो."

"दार उघडलं असशील मध्ये."

"नाही उघडलं."

"लाकूड ओलं झालं असेल."

"कोरडं खडखडीत होतं, बाबा."

 दादा फोन गल्ल्यावर ठेवून मागे गेला. आम्ही दोघं त्याच्या पाठोपाठ. थोड्याच वेळापूर्वी त्याने स्वतःच्या हाताने दोन मुठी घातल्या होत्या. त्याने खण ओढला. तळाशी चार-पाच ढलप्या धुमसत होत्या.

"रोज?" त्याने विचारलं.

"रोज," वहिनी म्हणाली.

"आणि बदकं होती त्या दिवशी?"

वहिनीने मान खाली घातली. मला वाटलं, आता हा आरडाओरडा करणार. केला असता तर बरं झालं असतं. तो खाली वाकला, नाक पार खणाला लावलं आणि जोरात श्वास ओढला. धुराने डोळे चुरचुरले, ठसका लागला, तरी त्याने पुन्हा श्वास ओढला.

"काही नाही," तो म्हणाला. "काहीच नाही."

पुढे दुकानात फोनवर बबडी "बाबा, बाबा" करत होती. त्याने येऊन फोन उचलला.

"बबडे, रडू नकोस. तुझं काही चुकलं नाही. माप चुकलं माझं. माप आईला विचारत जा."

"आईला? का?"

"मला वास येत नाही, बाळा. उपचार झाल्यापासून नाही. चवही नाही."

 तिकडे बबडीच्या कडेवरचं बाळ कुरकुरत होतं. दादा ते ऐकत राहिला.

"तू त्याला घेऊन आली होतीस ना," तो म्हणाला, "सगळे त्याच्या टाळूला नाक लावून म्हणत होते, काय छान वास येतो बाळाला. मीही लावलं नाक. किती वेळ तसाच बसलो होतो, आठवतं? तुला वाटलं, आजोबा सोडायलाच तयार नाहीत. काही येतंय का बघत होतो गं. मग मीही म्हटलं, छान येतो."

वहिनी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. ही गोष्ट त्याने तिलाही सांगितली नव्हती.