चोराचं चालणं

माझ्या बापाचं नाव दिनानाथशेटनं खाल्लं, आणि ते मी त्याच्या घशातून बाहेर काढलं. कसं काढलं तेवढंच सांगायचंय. मध्येच कुणी "जाऊ दे गं केसर, झालं गेलं" म्हणू नका. जाऊ देणाऱ्या बायका वेगळ्या असतात.

माझा बाप तुळशीराम. श्रीवर्धनचाच, पण उमेदीची वर्षं सगळी मुंबईत गेली. तिथं एका सिनेमा कंपनीत तो जाहिरातींची हलती चित्रं करायचा. साबणाची वडी नाचतेय, चहाचा कप टोपी काढून सलाम करतोय, असली. सबंध मुंबई ती बघून हसायची, पण पडद्यावर नाव यायचं साहेबाचं. माझा बाप कोण, कुठला, कुणाला पत्ता नव्हता. पुढं त्याचा हात थरथरायला लागला, कंपनीनं घरी पाठवला, आणि बाबा पेटी उचलून आमच्या पोफळीच्या वाडीत परत आला.

दिनानाथशेट म्हणजे गावचा सुपारीचा व्यापारी. शिवाय त्याचा सिनेमाचा तंबू होता. दिवाळी झाली की तंबू उभा राहायचा, आठवड्याचे दोन दिवस आमच्याकडं, बाकीचे म्हसळ्याला नाहीतर दिघीला, आणि पावसाच्या आधी गुंडाळला जायचा. बाबा आल्याचं कळलं तसा शेट आपण होऊन आमच्या ओट्यावर येऊन बसला. साल एकसष्टचं असेल.

"तुळशीराम, मी कॅमेरा घेतलाय जुना," तो म्हणाला. "आपल्याकडचंच एक बिऱ्हाड काढ. बाप, आई, पोरं, शेळी. दर आठवड्याला एक भाग. मोठ्या सिनेमाच्या आधी दाखवू. पुढं काय झालं याची लोकांना चटक लागली की माझा तंबू रिकामा राहायचा न्हाय."

बाबा म्हणाला, "काढतो. पन पडद्यावर माझं नाव पायजे. दुसरं मला काय बी नको."

"हे काय सांगनं झालं? पयलं नाव तुझंच."

हे माझ्यासमोर बोलला तो. मी चहा घेऊन उभी होते.

तो सबंध पावसाळा आम्ही बापलेकीनं कागदात काढला. बाबाला पेन्सिल धरवत नव्हती, म्हणून तो सांगायचा आणि मी काढायची. खिडकीच्या काचेवर कागद लावायचा, त्यावर दुसरा कोरा, खालचं दिसतं त्याच्या जरासं पुढं पाऊल काढायचं. परत कोरा, परत जरासं पुढं. बिऱ्हाडातला बाप अंगणातून ओट्यावर आला की कागदांचा गठ्ठा व्हायचा. मग बाबा तो गठ्ठा मागायचा, अंगठ्यानं फरफर सोडायचा आणि म्हणायचा, "केसर, हा चालत न्हाय, घसरतोय. परत काढ." मी चिडायची, कागद आपटायची, परत काढायची. बाबाचं म्हणणं एकच. तोंड कसंही काढ, माणूस त्याच्या चालण्यावरून ओळखू येतो. बांधावरून लांब कुणी येत असेल तर तोंड कुठं दिसतं? तरी आपण म्हणतोच ना, तो बघ अमका आला.

कागद तयार झाले की शेटच्या वखारीत जायचे. तिथं त्यानं कॅमेरा तुळईला खाली तोंड करून बांधला होता आणि पाऊस सरल्यावर उजेडासाठी वरची कौलं काढली होती. एक कागद ठेवायचा, कळ दाबायची, कागद उचलायचा, दुसरा ठेवायचा. कॅमेऱ्याला तो दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे, सगळं स्वतः करायचा. पण गठ्ठा अंगठ्यानं सोडून त्यानं कधी बघितला नाही. एकदा मी सांगितलं तर माझ्यावरच खेकसला, "कागद मळतात. पोरखेळ हाय का हा?" म्हणजे एकेक चित्र त्याच्या हातून जायचं, पण ते चालताना कसं दिसतं ते त्याला थेट तंबूतच कळायचं. फिल्म धुवायला मुंबईला जायची, आणि रीळ खेळाच्या दिवशीच आगबोटीनं यायचं. आवाज काही भरलेला नव्हता. शेटच पडद्याशेजारी माइक धरून उभा राहायचा आणि सगळ्यांचे आवाज काढायचा. शेळीचा सुद्धा.

पहिल्या खेळाला बाबानं इस्त्रीचा सदरा घातला. आळीत सगळ्यांना सांगून झालं होतं. लोकांनी त्याला पुढं चटईवर बसवलं. दिवे गेले, पडदा उजळला, "पोफळीखालचं बिऱ्हाड" अशी माझ्या हातची अक्षरं आली. आणि त्याखाली आलं, "कथा व चित्रे: दिनानाथशेट". ती पाटी त्यानं मुंबईहून वेगळी रंगवून आणली होती. पुन्हा कुठं काही नाही. तुळशीरामाचा त देखील नाही.

लोक पडद्याकडं बघत होते आणि बाबाकडं बघत होते. बाबा खोकला आल्यासारखं करून उठला आणि बाहेर गेला. मी बायकांच्या बाजूनं उठून दोराखालून त्याच्यामागं पळाले, तर तो बावीच्या कठड्याला टेकून उभा. म्हणाला, "घरी चल." एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी वखारीत गेले. शेट सुपारीच्या ढिगाशी उभा होता.

"शेट, नाव कुठं गेलं?"

"केसर, तंबू माझा हाय. कॅमेरा माझा हाय. लोक नाव बघून येतात. तुझ्या बापाचं नाव कोन वळखतं?"

"तुम्ही शब्द दिलेला."

तो हसला. "अगो, हात थरथरतो त्याचा. उद्या लोक म्हनतील, थरथऱ्याची चित्रं बघायला आलो. बरं दिसंल का ते?"

वखारीत माणसं होती, ती हसली. आणि संध्याकाळपर्यंत बाजारात माझ्या बापाचं ते नाव पडलं. थरथऱ्या! पोरं लांबून हाक मारायची आणि पळायची. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. वाटलं, त्याच्या वखारीला काडी लावावी. खरंच वाटलं, खोटं कशाला सांगू?

बाबानं त्या दिवसापासून कागदाला हात लावला नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. "सोड ते काम," म्हणाला. मी म्हटलं, "न्हाय सोडनार." तेव्हा माझ्या डोक्यात काही नव्हतं. एवढंच होतं की सोडलं तर शेट सुटतो. पुढचे भाग मी एकटीनं केले, आणि लोकांना ते एवढे आवडले की तंबू तिकडं यायची वाट न बघता दिघीहून लोक होडीतून यायला लागले. शेटच्या गळ्यात हार पडायचे. म्हसळ्याला तर त्याला पालखीसारखं उचलून नेलं म्हणे. मी घरी दातओठ खात काढत बसायची.

हंगामाचा शेवटचा भाग आला तेव्हा शेटच म्हणाला, "केसर, शेवटाला एक चोर घाल. वाडीतली सुपारी चोरायला येतो असा. लोकांना पोट धरून हसायला पायजे."

"घालते की," मी म्हटलं. घरी येईपर्यंत मला हसू आवरेना.

तोंड शेटसारखं काढलं असतं तर त्यानं पहिल्याच कागदावर मला पकडली असती. म्हणून चोर केला जाड, टकला, गलमिशावाला. शेट होता वाळका, डोकीवर केस, मिशी नाही. काही मेळ नाही. मेळ घातला तो पायात. आठ-दहा दिवस मी त्याच्या पाठीपाठी हिंडले. बाजारात, बंदरावर, देवळात. डावं पाऊल बाहेर फेकतो. दोन पावलं झाली की कोपरानं धोतर सावरतो. मान आधी पुढं जाते, अंग मागाहून. आणि कुठल्याही दाराशी, पायरीशी आला की थबकून मागं वळतो आणि अंगठ्यानं नाक पुसतो. घरी येऊन काढायची, गठ्ठा सोडून बघायची, फाडायची, परत काढायची. शेवटी एका सकाळी गठ्ठा सोडला आणि माझ्या अंगठ्याखालून दिनानाथशेट चालत गेला. काय सांगू, देवळातला देव हलला असता तरी एवढा आनंद झाला नसता मला!

कागद मी स्वतः वखारीत नेले. शेटनं एकेक ठेवला, कळ दाबली, उचलला. मध्ये म्हणाला, "चोर बेस काढलास गो." मी म्हटलं, "तुमचीच कृपा, शेट."

शेवटच्या खेळाला तंबूत मुंगीला जागा नव्हती. शेटचा सत्कार होता, शाल-नारळ तयार होतं, त्याची बायको पुढं खुर्चीवर बसली होती. बाबा घरीच होता. मी बायकांत, ठमाबाईच्या शेजारी. ही ठमाबाई मासे विकते, आणि हिचा आवाज बंदरावरून देवळापर्यंत जातो. भोंगा बाहेर उंच माडावर बांधलेला, खेळ सुरू झाला की सगळ्या गावाला ऐकू जायचा.

बिऱ्हाड निजलेलं दाखवलं. मग पोफळींमधून चोर आला. डावं पाऊल बाहेर. दोन पावलं, कोपरानं धोतर. मान पुढं.

सुरुवातीला सगळा तंबू माना पुढं काढून बघायला लागला. लोकांना काहीतरी ओळखीचं वाटत होतं, पण कळत नव्हतं. चोर वाडीच्या बेड्याशी, त्या बांबूच्या फाटकाशी आला, थबकला, मागं वळला आणि त्यानं अंगठ्यानं नाक पुसलं.

"अगो बाय माझे!" ठमाबाई ओरडली. "हा तर आपला दिनानाथशेट!"

काय तो हशा! माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. पोरं उठून तंबूतच तसं चालायला लागली. आणि शेट? शेटला काही कळलंच नाही! स्वतःचं चालणं कुणाला ठाऊक असतं? त्याला वाटलं, आपल्या आवाजाला हसतायत. गोंगाटात ठमाबाईचं त्याला ऐकू गेलं नव्हतं. तो आणखीच रंगात आला, माइकमध्ये चोराचा घोगरा आवाज काढून म्हणायला लागला, "मी चोर! मी सुपारी चोरनार! कुनाला कळनार न्हाय!" लोक रडेपर्यंत हसले. त्याची बायको तेवढी पदर तोंडाला लावून खाली बघत होती. तिनं कधीच ओळखलं होतं.

रीळ संपलं, दिवे लागले. सत्कारासाठी नाव पुकारलं आणि शेट पडद्याच्या कडेनं स्टेजच्या फळीकडं चालत निघाला. डावं पाऊल बाहेर. दोन पावलं, कोपरानं धोतर. तंबू फाटतो की काय असं झालं. फळीशी आला, थबकला, मागं वळला, आणि अंगठा नाकाशी गेला. तिथं त्याला कळलं. अंगठा नाकाशी तसाच राहिला.

चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. माइक हातातच होता. "कोनी काढलं हे?" तो ओरडला. "कोनाची हिंमत झाली? कोनी काढलं?"

मी तोंड उघडणार होते, पण मला उघडावंच लागलं नाही. सगळा तंबू एका आवाजात म्हणाला, "तुम्हीच की, शेट! पाटीवर लिवलंय!"

"मी न्हाय काढलं!"

"लिवलंय, लिवलंय! कथा व चित्रे!"

"अरे, मला साधी रेघ मारता येत न्हाय!" शेट किंचाळला. भोंग्यातून त्याचा आवाज पार समुद्रावर गेला. "त्या तुळशीरामानं काढलंय! पयल्या भागापासून सगळं त्याचं हाय! तो थरथऱ्या तुळशीराम आनि त्याची ती अवदसा केसर! जावा, विचारा त्या तुळशीरामाला!"

आणि त्यानं माइकवर हात दाबला. आपण काय बोललो ते त्याला कळलं असावं. शाल घेऊन उभा असलेला माणूस शाल घेऊन तसाच उभा राहिला. मग ठमाबाईनं मला कोपरानं ढोसलं आणि मोठ्यानं म्हणाली, "आता तुझ्या बापाला आनू का हितं शालीसाठी?"

मी थांबले नाही. पळत सुटले ती वाडीपर्यंत. बाबा ओट्यावर बसला होता. किती दिवसांनी ओट्यावर आला होता.

मी धापा टाकत विचारलं, "बाबा, ऐकलंस?"

"ऐकलं. मी काय भैरा हाय?"

"नाव घेतलं त्यानं तुझं. सगळ्या गावासमोर."

"शिवी देऊन घेतलं."

"शिवी देऊन का होईना, एकदा घेतलं ना?"

बाबानं थरथरता हात वर केला आणि बोटं दाखवली.

"एकदा न्हाय," तो म्हणाला. "तीनदा घेतलं."